आधी तागे, मग कुंदा

नानांना अग्निशमन दलाचं प्रमुख का केलं, असं कोणी विचारलं की आमची आई एकच उत्तर द्यायची, “स्टोव्ह विझवला म्हणून.” आणि ते अगदी खरं होतं. नाना, म्हणजे माझे वडील, भिवंडी पालिकेच्या जकात खात्यात कारकून होते. ड्युटी कशेळीच्या नाक्यावर. ट्रकमधले सुताचे गठ्ठे आणि कापडाचे तागे मोजायचे, पावती फाडायची आणि पुढच्या ट्रककडे वळायचं, हा त्यांचा दिवस. एकदा नाक्यावरच्या टपरीत चहाचा स्टोव्ह भडकला. बाकीचे सगळे खाडीच्या दिशेने पळत सुटले आणि नानांनी कोपऱ्यात पडलेलं ओलं गोणपाट उचलून स्टोव्हवर टाकलं. स्टोव्ह विझला, नानांच्या मिशीची डावी बाजू तेवढी गेली. त्याच सुमारास बंबाचे जुने प्रमुख निवृत्त झाले. नगराध्यक्षांनी भर सभेत विचारलं, “आपल्यात आगीचा अनुभव कुणाला आहे?” सगळ्यांनी नानांच्या मिशीकडे पाहिलं. ‘तात्पुरता अतिरिक्त कार्यभार’ म्हणून जे त्या दिवशी त्यांच्या गळ्यात पडलं, ते ते निवृत्त होईपर्यंत तात्पुरतंच राहिलं.

कार्यभाराबरोबर राहायला जागा मिळाली, म्हणून आईने फार कुरकुर केली नाही. बंबाच्या शेडला पाठ लावून दोन खोल्या होत्या, पुढे ओटा, बाजूला नळ. सकाळी आईच्या फोडणीचा वास आणि बंबाच्या डिझेलचा धूर एकाच वेळी घरात शिरायचे. चहूकडे कापड विणायचे लूम चालू. त्यांचा आवाज आम्हाला ऐकू येत नसे, तो बंद पडला तरच ऐकू येई, वीज गेली की लहान मुलं झोपेतून दचकून उठायची आणि आई म्हणायची, “काय झालं? एवढं गप्प का झालं सगळं?” रोज सकाळी बंबाची घंटा वाजवून बघायचा नियम होता. ती घंटा झाली की आमच्या गल्लीतल्या बायका डब्यात पोळ्या भरायला घ्यायच्या. घंटा खरोखरच्या आगीची आहे की सकाळची आहे, हे ओळखायची एकच खूण होती. आगीची असेल तर पाठोपाठ रहमतचाचांच्या शिव्या ऐकू यायच्या, कारण बंब पहिल्या झटक्याला कधी सुरू झाला नाही.

रहमतचाचा ड्रायव्हर. मूळचे ट्रकवाले, पाठीचं दुखणं लागलं म्हणून पालिकेत आले आणि असा बंब हाती आला की दुखणं दुप्पट झालं. ते एकटेच काय ते कायम नोकरीत. बाकी सहा जण रोजंदारीवर, आणि ते कुठून कुठून गोळा केलेले होते ते ऐकलं तर आज कोणाचा विश्वास बसणार नाही. दोघे मलेरियाच्या फवारणीतले. त्यांना पंप मारायची सवय आहे, असं कारण दिलं होतं. एक बागेतला माळी, कारण त्याला पाइप धरता येतो. एक कोंडवाड्यावरचा, कारण त्याला पळणाऱ्याला धरता येतं. एक नगराध्यक्षांच्या बहिणीच्या गावचा, त्याला कारण लागत नव्हतं. सहावा जानू. अंबाडीच्या पलीकडच्या पाड्यावरचा, काळा, सडपातळ, बोलायला कमी. तो आला तेव्हा नानांनी विचारलं, “तुला काय येतं?” तो म्हणाला, “झाडावर चढता येतं.” नाना म्हणाले, “चालेल, आपल्याकडे शिडी नाही.”

खरंच नव्हती. लागली तर दिवाबत्ती खात्याकडून आणायची, आणि त्या खात्याचा माणूस ती द्यायच्या आधी कुठे आग आहे, किती उंच आहे, शिडीला झळ तर लागणार नाही ना, हे सगळं विचारून घ्यायचा. हेल्मेट होतं, पितळेचं, एकच. जो पुढे जाईल त्याने घालायचं. दर शनिवारी आई ते चिंचेने घासायची, देवाच्या समयांबरोबर. माझ्या आठवणीत ते हेल्मेट डोक्यापेक्षा आमच्या मोरीच्या कट्ट्यावरच जास्त वेळ पालथं पडलेलं आहे.

पैशाचं म्हणाल तर पालिकेच्या अंदाजपत्रकात बंबासाठी रक्कम धरलेली असे, पण ती डिझेलपर्यंत पोचत नसे. त्यामुळे भिवंडीत एक रीतच पडून गेली होती. आगीची खबर द्यायला जो धावत येई, तो हातात डिझेलचा डबा घेऊनच येई. “नाना, आग लागली! हे घ्या,” एका दमात. नवा माणूस, कुणी नुकताच उत्तरेकडून लूमवर आलेला, रिकाम्या हाताने आला तर रहमतचाचा त्याला समजवायचे, “बेटा, आग तो ठीक है, तेल किधर है?” बाकीचा खर्च निघायचा लग्नांतून. लग्नात पाणी पुरवायला बंब भाड्याने जाई, सभेच्या मैदानावर धूळ बसवायला जाई, हॉटेलच्या टाक्या भरायला जाई. वज्रेश्वरीच्या जत्रेला तर तो दरवर्षी जायचा, कारण तिथे गर्दी फार आणि पाणी कमी. ते दोन-चार दिवस बाजारात एकमेकांना बजावून ठेवत, “बंब जत्रेला गेलाय रे, विड्या जपून ओढा.” आणि नवल म्हणजे त्या दिवसांत कधी मोठी आग लागल्याचं मला आठवत नाही. नाना म्हणायचे, बंबापेक्षा बंब नसल्याचा धाक जास्त उपयोगी पडतो.

प्रशिक्षण म्हणजे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. बंबाबरोबर आलेलं. दुपारी जेवणं झाली की नाना ओट्यावर बसून त्यातलं एकेक पान मराठीत सांगायचे आणि सहाही जण पेंगत ऐकायचे. त्या पुस्तकात जहाजाला आग लागली तर काय करावं, विमान पेटलं तर काय करावं, हे सगळं होतं. लूमच्या कारखान्याचं काहीच नव्हतं. ते शिक्षण त्यांना शेठ लोकांनी दिलं. गोदामाला आग लागली की बंब पोचायच्या आधी शेठ दारात दोन्ही हात पसरून उभा असे. “पानी मत मारो! पहले माल निकालो!” कापड जळालं काय आणि भिजलं काय, त्याला दोन्ही सारखंच. त्यातून माल बहुतेक वेळा दुसऱ्याचा, विणायला आलेला. त्यामुळे आमच्या दलाची कामाची पद्धत ठरून गेली होती: आत घुसायचं, तागे खांद्यावर टाकायचे, जिन्यावरून पळत खाली आणायचे, रस्त्यापलीकडे ताडपत्रीवर रचायचे. नाना उभे राहून मोजायचे, सवयच होती. शेवटचा तागा बाहेर आला की मग पाणी. वाचताना हसू येईल, पण यात थोडं शहाणपणही होतं. माल आत असला की कामगार पुन्हा पुन्हा आत धावायचे; माल बाहेर आला की कोणाला आत जायचं कारण उरत नसे. त्या पद्धतीने माणूस दगावल्याचं मी तरी ऐकलं नाही.

ते सगळे जेवायला आमच्याच ओट्यावर बसायचे. आईच्या तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, आणि थंडीत जानू गावाहून फडक्यात बांधून उकडलेले करांदे, रानातले कंद, आणायचा. ते खाल्ले की जीभ थोडी कडवटायची. मला ते आवडत नसत, पण जानू समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत असे म्हणून मी खायची. रोजंदारीच्या माणसाला पालिका मधूनमधून ‘ब्रेक’ द्यायची, म्हणजे काही दिवस घरी बसवायची, की त्याची सलग नोकरी भरू नये. ब्रेक मिळाला की जानू बायकोपोरांना घेऊन वीटभट्टीवर जाई. त्याची मुलगी सोनी तेव्हा शाळेच्या वयाची झाली होती. आई त्याला विचारायची, “अरे, नाव का नाही घातलंस तिचं?” तो म्हणायचा, “भट्टीवर शाळा न्हाय, काकी. कायम झालो की मंग घालीन. येका जागी राहू तवा.” हे तो इतक्या सावकाश म्हणायचा की जणू कायम होणं हे अंबाडीच्या पुढचं एखादं गाव आहे आणि बस जरा उशिरा आहे.

आणि एके दिवशी बस आली. मुंबईहून अग्निशमनाचे मोठे साहेब तपासणीला येणार होते. प्रात्यक्षिक बघणार. ते पसंत पडलं तर सरकारी अनुदान, नवा बंब, आणि सहाही जण कायम. पसंत नाही पडलं तर दल मोडायचं आणि आग लागली की ठाण्याहून बंब बोलवायचा. कशेळीच्या पुलावरची ट्रकांची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला या दुसऱ्या पर्यायाचा अर्थ सांगायला नको. नानांनी हे ओट्यावर सगळ्यांना सांगितलं. जानूने फक्त विचारलं, “साहेब कंचा दिवस येनार?” आणि त्या दिवशी तो भाकरी न खाताच उठला.

प्रात्यक्षिक ‘स्थानिक परिस्थितीशी सुसंगत’ असावं, असं वरून कळवलं होतं. नानांनी ते फारच मनावर घेतलं. भिवंडीची आग म्हणजे तागे हवेतच. अर्धवट बांधून पडलेली पालिकेची एक मंडई होती. तिच्या पहिल्या मजल्यावर तागे रचायचे, खाली पत्र्याच्या पिंपात ओला पेंढा पेटवून धूर करायचा, आणि वर एक जखमी माणूस ठेवायचा, अशी योजना ठरली. तागे मगनशेठनी दिले. दिले म्हणजे नगराध्यक्षांनी द्यायला लावले. मगनशेठ लूमवाल्यांत मोठे, पण स्वभावाने भित्रे. “एक भी ताका गया तो मेरा धंधा बैठ जाएगा,” असं ते नानांना आठवडाभर येऊन सांगत होते. शेवटी नगराध्यक्षांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की नुकसान झालं तर सहा जणांच्या रोजातून कापून घेऊ. मगनशेठचं समाधान झालं. बाकी कोणाचं होण्याची गरज नव्हती.

तागे मिळाले, जखमी मिळेना. आधी कोंडवाड्यावाल्याचा भाचा तयार झाला होता, पण त्याच्या आजीने येऊन आमच्या दारात तांडव केलं. “माझ्या पोराला जाळताय?” मग एक गवंडी कबूल झाला, तो दिवसाचा रोज मागायला लागला आणि जखमी होण्याचा दुप्पट. नानांनी घरभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. “आपली कुंदा आहे की!” मी तेव्हा अकरावीत होते, एनसीसीत होते, आणि माझं वजनही चांगलं होतं. आई म्हणाली, “डोकं फिरलंय का तुमचं? वाढत्या वयाची मुलगी खांद्यावर टाकून आणणार चारचौघांत? लग्न कोण करील तिच्याशी?” नाना म्हणाले, “अगं, कोणी बघायचंच असेल तर सगळी भिवंडी एकदाच बघेल, पुन्हा दाखवायचा खर्च नाही.” आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. पण मला मनातून फार आवडलं होतं. इतक्या माणसांसमोर आपल्याला वाचवणार, हे कुठल्या मुलीला आवडणार नाही? मी आरशासमोर बेशुद्ध पडून बघत होते. मान कुठल्या बाजूला टाकली की बरी दिसते, तेही ठरवलं.

त्या सकाळी आईने मला पोटभर जेवू घातलं, पंजाबी ड्रेसची ओढणी चारी बाजूंनी पिनांनी टाचली आणि खिशात खडीसाखरेची पुडी दिली, “धुराने घसा खरखरला तर.” मंडईसमोर हीऽ गर्दी. लूमच्या शिफ्टवरून सुटलेले, शाळांची पोरं, भेळवाले. सगळ्यांत पुढे खुर्च्या टाकून नगराध्यक्ष, साहेब आणि त्यांच्या मागे उभे मगनशेठ, ज्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. साहेब उंच, पांढऱ्या मिश्यांचे, हातात घड्याळ आणि गळ्यात शिटी. चेहरा असा की याने आयुष्यात कधी भेळ खाल्ली नसेल. मी वर जाऊन ताग्यांच्या रांगेला टेकून बसले आणि मान ठरवलेल्या बाजूला टाकली. खाली पेंढा पेटला. धूर वर यायला लागला आणि साहेबांची शिटी झाली.

बंब पहिल्या झटक्याला सुरू झाला. तेवढ्यावरच लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग जिन्यावर पावलं वाजली आणि सहाही जण वर आले, पुढे जानू, डोक्यावर चिंचेने घासलेलं हेल्मेट. मी डोळे किलकिले करून दोन्ही हात थोडे पुढे केले. जानू माझ्याशेजारून वाकला, तागा उचलला, खांद्यावर टाकला आणि निघून गेला. त्याच्या मागून माळी, त्याच्या मागून फवारणीवाले. मला वाटलं, वाट मोकळी करताहेत. ते परत आले. पुन्हा तागे. जानूला मी हळूच म्हटलं, “दादा, मी?” तो म्हणाला, “हाव ताई, बस जरा. माल काढतो.” आणि गेला. कोंडवाड्यावाल्याने तर मला थोडं सरकायला सांगितलं, कारण मी एका ताग्यावर बसले होते.

खाली काय चाललं होतं ते मला खिडकीच्या मोकळ्या चौकटीतून दिसत होतं. रस्त्यापलीकडे ताडपत्री पसरलेली आणि तीवर तागे व्यवस्थित रचले जात होते, कडेला कड मिळवून. नाना पाठीशी हात बांधून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते! ते एकदाही वर बघत नव्हते. खरं सांगते, मला रडू फुटलं. धुराचं म्हणून चालून गेलं असतं, पण ते धुराचं नव्हतं. एवढी जखमी झाले, एवढी टाचलेली ओढणी, आणि माझा जन्मदाता बाप कापड मोजतोय. शेवटी ते सगळे खाली उतरले आणि वर मी एकटी राहिले. एवढ्यात नानांनी मान वर केली.  आली आठवण! नाना ओरडले, “अरे थांबा! एक तागा कमी आहे! वर राहिला!”

तो माझ्याच मागे होता, भिंतीकडे घरंगळलेला. आता मी काय करायला हवं होतं, ते आजही मला कोणी सांगू नये. त्या क्षणी मला एवढंच सुचलं की तो राहिला तर सहा जणांच्या रोजातून जाणार. मी उठले, तागा उचलला, खांद्यावर टाकला आणि धुरातून खोकत जिना उतरले. लोकांनी आधी श्वास रोखला आणि मग शिट्ट्या वाजवल्या. नाना धावत पुढे आले. त्यांनी माझ्या खांद्यावरून तागा काढून घेतला, ताडपत्रीवर ठेवला, “बरोबर,” असं म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. मगनशेठनी समाधानाने पानाची डबी उघडली. गर्दीत तेवढा एक माणूस खूश होता.

साहेब खुर्चीतून उठले. मला म्हणाले, “तुम्ही जखमी आहात ना?” मी म्हटलं, “हो.” “बेशुद्ध?” “हो.” “मग चालत कशा आलात?” मी म्हटलं, “तागा राहिला होता.”  मग ते जानूकडे वळले. “आत माणूस आहे हे दिसलं नाही तुम्हाला?” जानूने हेल्मेट काढून छातीशी धरलं. “दिसली ना साहेब. हातीपायी धड हाय आमची ताई. ती आपल्या पायी येल. तागा कसा येल?” शेजारून रहमतचाचा कळवळून म्हणाले, “साहब, इधर का यही दस्तूर है,” आणि त्यामुळे प्रकरण आणखी बिघडलं. साहेबांनी मगनशेठकडे पाहिलं, ताडपत्रीकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. म्हणाले, “पंचवीस वर्षं मी आगी बघतोय. माणसाने कापडाला वाचवलेलं पाहिलं होतं. जखमीनेच कापड वाचवलेलं आज पहिल्यांदा पाहिलं.” नगराध्यक्ष हसले. साहेब हसले नाहीत, म्हणून नगराध्यक्षही थांबले. जानूची बायको सोनीला कडेवर घेऊन ताडपत्रीजवळ उभी होती, हे मला तेव्हा दिसलं. ती पहाटेच्या गाडीने आली असणार. तिला यातलं काय कळत होतं कोण जाणे, पण जानूच्या खाली गेलेल्या मानेवरून तिला पुरेसं कळलं होतं.

नाना पुढे झाले. मी त्यांना कोणापुढे हात जोडताना कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, “साहेब, चूक माझी आहे. मोजायला मी उभा होतो. यांना जे शिकवलं तेच यांनी केलं. पुन्हा एकदा करून दाखवू द्या.” साहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांना पुढे कुठे तरी जेवायला जायचं होतं, ते स्पष्ट दिसत होतं. मग ते म्हणाले, “एकदाच. कापडाची एक चिंधीही वर नको. फक्त ही मुलगी.” मगनशेठ आनंदाने तागे टेम्पोत भरायला धावले आणि मी खडीसाखर तोंडात टाकून पुन्हा वर गेले. या वेळी मान कुठे टाकायची याचा विचार मनात आला नाही. रिकाम्या मजल्यावर मी नुसती आडवी झाले आणि मनात म्हटलं, देवा, सोनीला शाळा.

शिटी झाली. मला वाटतं तिचा आवाज विरायच्या आत जिना धडधडला. आयुष्यभर जिन्यांवरून तागे पळवलेली ती माणसं, आणि वर आता उचलायला एकच वस्तू. सहाही जण माझ्यावर तुटून पडले. एकाने पाय धरले, एकाने कंबर, आणि जानूने मला एका हिसक्यात खांद्यावर घेतलं, अगदी ताग्यासारखं, मधोमध तोल साधून. माझं डोकं त्याच्या पाठीमागे लोंबत होतं. जिना माझ्या डोळ्यांसमोरून उलटा पळत होता. मी घाबरून त्याचा सदरा धरला तसा तो धापा टाकत म्हणाला, “अंग ढिलं सोड, ताई. मी कंदी कायी पाडलं न्हाय.” मी सोडलं. बाहेरचा उजेड आला, गर्दीचा गलका आला, आणि साहेबांच्या घड्याळाची टिक् झाली. ते घड्याळ त्यांनी कानाशी नेलं, हलवलं, पुन्हा पाहिलं. शेजारच्या कारकुनाला म्हणाले, “बंद पडलंय का बघा.” बंद पडलं नव्हतं. इतक्या लवकर जखमी उतरवलेला त्यांनी मुंबईतसुद्धा पाहिला नव्हता.

आता इतक्या वर्षांनी गुडघे धरलेल्या बाईने हे लिहिताना सांगायला हरकत नाही, मला खाली उतरायचं होतं. पोटात जानूचं हाड रुतत होतं, आईने घातलेलं जेवण घशाशी येत होतं, आणि चारचौघांत असं लोंबणं म्हणजे काय ते आईने आधीच सांगितलं होतं. नाना जवळ आले. त्यांनी या वेळी काहीही मोजलं नाही. माझं लोंबतं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाले, “जानू, झालं रे. ठेव आता पोरीला खाली.” साहेब टेबलाशी वाकून तपासणीच्या कागदावर शेरा लिहायला लागले होते. जानू हलला नाही. त्याचे पाय थरथरत होते, मला ते माझ्या बरगड्यांत कळत होतं. तो नानांना हळूच म्हणाला, “न्हाय नाना. साहेबांची सही होऊ द्या. खाली ठिवली आन् ताई चालाया लागली, तर मंग?”

त्याचं म्हणणं बरोबर होतं. माझा काहीच भरवसा नव्हता. मी डोळे घट्ट मिटले, दोन्ही हात सोडून दिले आणि तोंडसुद्धा थोडं उघडं ठेवलं. कारकुनाने शाई पुसायला टीपकागद शोधला, नगराध्यक्षांनी साहेबांना आपलं पेन दाखवलं, साहेबांनी स्वतःचंच काढलं, आणि त्या सगळ्या वेळात माझ्या नाकावर एक माशी बसून होती. मी हलले नाही. इतकी मनापासून बेशुद्ध मी आयुष्यात कधी झाले नाही.